दुखते एकीकडे, मूळ दुसरीकडे: मान, खांदा आणि हाताच्या दुखण्याचा उगम कसा शोधावा

दंडात कळ येते म्हणून दंडाला तेल चोळले, शेक दिला आणि तरीही फरक पडला नाही, की मानेचा एक्स-रे काढला जातो. त्यात मणक्यांची झीज दिसली की ‘स्पॉन्डिलायटिस’ असे नाव पडते आणि शोध तिथेच थांबतो. वास्तविक पन्नाशीनंतर काहीही न दुखणाऱ्या माणसांच्या मानेतही अशी झीज सर्रास आढळते. म्हणून एक्स-रेमध्ये काय दिसते यापेक्षा, कोणत्या हालचालीने आपले नेमके तेच ओळखीचे दुखणे उठते, हे आधी पाहावे. यातून निदान होत नाही, पण डॉक्टरांना सांगण्यासारखे ठोस काहीतरी हाती लागते.

तपासणीपूर्वी एक गोष्ट पाहावी. मान वा खांदा हलवल्याने दुखणे बदलतच नसेल, उलट जिना चढताना ते वाढत असेल आणि थांबल्यावर कमी होत असेल, तर हृदयाचा विचार आधी करावा. छातीत दडपण, घाम, धाप किंवा जबड्यात कळ असेल, तर घरी काहीही करून न पाहता १०८ वर फोन करावा. मधुमेहींमध्ये आणि स्त्रियांमध्ये छातीत न दुखताही हृदयविकार असू शकतो. पित्ताशयाचे दुखणेही उजव्या खांद्यावर जाणवते. कारण सुजलेल्या पित्ताशयामुळे श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू) चिडते. त्याची नस मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या मज्जामुळांतून (मज्जारज्जूतून बाहेर पडणाऱ्या नसांच्या मुळांतून) निघते, खांद्याच्या त्वचेची संवेदनाही त्याच भागात पोहोचते, आणि मेंदूला दोन्हींतला फरक कळत नाही.

यानंतर मान तपासावी. ताठ बसून हळूहळू वर पाहावे आणि मान दुखऱ्या बाजूला कलवावी. कळ कोपराच्या खाली बोटांपर्यंत उतरली, तर मानेत मज्जामूळ दबत असण्याची शक्यता बळावते. मान दुसऱ्या कोणाकडून दाबून घेऊ नये, आणि पडल्याने किंवा अपघाताने दुखणे सुरू झाले असेल तर हा प्रयोग मुळीच करू नये. दुखऱ्या बाजूचा पंजा डोक्यावर ठेवल्यावर आराम पडत असेल, तर तीही मानेकडेच बोट दाखवणारी खूण आहे. खवाट्याच्या (खांद्यामागच्या चपट्या हाडाच्या) आतल्या कडेला रुतल्यासारखे दुखते तेव्हा लोक पाठ चोळत बसतात. पण मानेच्या मणक्यांमधल्या चकत्यांत सुई घालून नेमके हेच दुखणे उठवता येते, हे अमेरिकी शल्यविशारद राल्फ क्लॉवर्ड यांनी १९५९ मध्येच दाखवले होते.

खांद्याचे दुखणे सहसा दंडाच्या बाहेरच्या बाजूला जाणवते आणि कोपराच्या खाली क्वचितच जाते. हात बाजूने वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांच्या दरम्यानच दुखत असेल, तर खांद्याच्या स्नायूबंधांचा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांचा) विचार करावा. कोपर कमरेला टेकवून, हात कोपरात काटकोनात ठेवावा आणि दुसऱ्याने तो हळूच बाहेरच्या बाजूला न्यावा. निरोगी हाताच्या मानाने तो लवकरच अडत असेल, तर खांदा आखडला आहे. मधुमेह असणाऱ्यांत हे विशेष आढळते, आणि अशा आखडलेल्या खांद्याला मानेचा पट्टा बांधून काहीही साधत नाही.

बोटांकडे मात्र सावकाश पाहावे, कारण तिथे फार बारीक माहिती मिळते. अंगठा व तर्जनी ही सहाव्या, मधले बोट सातव्या, तर अनामिका व करंगळी ही आठव्या मज्जामुळाची ठिकाणे. कापसाच्या बोळ्याने अनामिकेच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या स्पर्शून पाहाव्यात. करंगळीकडची अर्धीच बाजू बधिर असेल, तर बिघाड कोपरातल्या नसेत असण्याची शक्यता अधिक. सबंध अनामिका आणि सोबत कोपरापर्यंतची आतली बाजूही बधिर असेल, तर मानेकडे वळावे. अंगठ्याकडच्या साडेतीन बोटांत रात्री मुंग्या येऊन जाग येत असेल आणि पंजा झटकल्यावर बरे वाटत असेल, तर नस मनगटात दबत असते. ते दुखणे वर खांद्यापर्यंतही चढते, आणि इथेच सर्वाधिक फसगत होते.

कशातच काही सापडले नाही तर खवाट्यावरचा मागचा स्नायू बोटाने दाबून पाहावा. त्यातली एखादी गाठ दाबताच खांद्याच्या पुढच्या भागात ओळखीची कळ उठली, तर दोष स्नायूचा असू शकतो. दोन कारणे एकत्रही असू शकतात, म्हणून पहिल्या खुणेवर शोध थांबवू नये.

मज्जामुळाचे बहुतेक दुखणे काही आठवड्यांत आपोआप ओसरते, त्यामुळे एमआरआयची घाई सहसा नको. मात्र हातातली शक्ती कमी होत असेल, शर्टाची बटणे लावताना बोटे अडखळत असतील, चालताना तोल जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर मज्जारज्जूवर दाब असू शकतो आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. दंडाच्या आतल्या बाजूची रात्रंदिवस न थांबणारी कळ, घटते वजन आणि त्याच बाजूची झुकलेली पापणी असे एकत्र दिसले, तर मानेआधी छातीचा वरचा भाग तपासून घ्यावा.