जाणारे मॉडेल घ्यावे की नव्याने आलेले? नागपुरात गाडी घेताना या चुका टाळा

दसऱ्याच्या आधी धाकट्या भावासाठी गाडी पाहायला वर्धा रोडवरच्या एका शोरूममध्ये गेलो होतो. तिथल्या विक्री प्रतिनिधीने पहिल्या पाच मिनिटांतच दोन गोष्टी सांगून टाकल्या. जुन्या मॉडेलचे "शेवटचे दोनच पीस" उरले होते, आणि नव्या मॉडेलचे बुकिंग त्याच दिवशी केले तरच दसऱ्याची डिलिव्हरी मिळणार होती. दोन्ही गोष्टी खऱ्या असतीलही, पण दोन्हींचा परिणाम एकच झाला. आम्ही घाई केली, जुने मॉडेल घेतले, सूट चांगली मिळाली म्हणून खूश झालो आणि जे पाहायला हवे होते ते पाहिलेच नाही. निवड दोन मॉडेलांमधली आहे असे आम्ही समजत होतो. खरे तर ती यार्डात उभ्या असलेल्या दोन ठरावीक गाड्यांमधली असते, आणि त्या प्रत्येक गाडीचा उत्पादनाचा महिना, व्हेरियंट, हातात पडणारी अंतिम किंमत आणि आपण ती किती वर्षे वापरणार हे चार मुद्दे एकत्र मांडल्याशिवाय उत्तर निघत नाही.

"नवे" म्हणजे नेमके काय बदलले, हे न विचारणे

बंपर, दिवे आणि टचस्क्रीन बदलली तरी जाहिरातीत गाडी नवीच असते. सांगाडा, इंजिन आणि सुरक्षेची रचना बदलली तरीही तीच जाहिरात होते. पहिल्या प्रकारात जाणाऱ्या मॉडेलवर चांगली सूट मिळत असेल, तर माझ्या मते फार विचार करण्याची गरज नाही, जुने घ्यावे. दुसऱ्या प्रकारात मात्र एकेक गोष्ट तपासावी लागते, कारण नवे म्हणजे सगळ्याच बाबतींत वरचढ असे होत नाही.

मारुती स्विफ्टचे उदाहरण घ्या. मे २०२४ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीत चार सिलिंडरच्या इंजिनाऐवजी तीन सिलिंडरचे १.२ लिटरचे नवे इंजिन बसवले गेले. ताकद सुमारे ९० पीएसवरून ८२ पीएसच्या आसपास आली, मॅन्युअल गिअरचे कंपनीने जाहीर केलेले मायलेज मात्र २२.३८ वरून २४.८० किलोमीटर प्रतिलिटरवर गेले आणि सहा एअरबॅग सर्व व्हेरियंटमध्ये मिळू लागल्या. म्हणजे एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने थोडे काढून घेतले. काही वेळा तर जुने मॉडेल जातही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये तिसऱ्या पिढीची होंडा अमेझ आल्यावरही दुसऱ्या पिढीची विक्री सुरू राहिली, आणि २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एन आल्यानंतर महिंद्राने जुनी स्कॉर्पिओ "क्लासिक" या नावाने चालूच ठेवली. अशा ठिकाणी "शेवटचे दोन पीस" ऐकून घाबरण्याचे कारण नसते.

सूट पाहिली आणि हिशेब तिथेच सोडला

सर्वांत महागात पडणारी चूक ही आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

पहिली गोष्ट, कोटेशनवर छापलेली एकूण सूट आपल्याला पूर्ण मिळेलच असे नाही. तिच्यात एक्सचेंज बोनस असतो, आणि आपल्याकडे बदलून द्यायला जुनी गाडी नसते. कॉर्पोरेट सूट असते, आणि आपली कंपनी त्यांच्या यादीत नसते. शिवाय काही हजार रुपये फूटमॅट, सीट कव्हर आणि मडफ्लॅपच्या रूपाने "दिलेले" असतात. ही सगळी वजावट करून उरणारी रोख सूट कागदावर लिहून मागावी आणि दोन्ही मॉडेलांची तुलना ऑन-रोड किमतीवरच, म्हणजे कर, नोंदणी आणि विमा धरून होणाऱ्या किमतीवरच करावी. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाख रुपयांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के वाहन कर लागतो. त्यामुळे एकाची किंमत ९ लाख ९० हजार आणि दुसऱ्याची १० लाख ३० हजार असेल, तर दिसणारा फरक ४० हजारांचा असला तरी करातच आणखी सुमारे १४,७०० रुपये वाढतात.

दुसरी गोष्ट मायलेजची. "नवी गाडी जास्त ॲव्हरेज देते, पैसे वसूल होतात" हे वाक्य शोरूममध्ये फार सहज ऐकायला मिळते. वर दिलेले स्विफ्टचेच आकडे घेऊन वर्षाला १०,००० किलोमीटर प्रवास धरला, तर जुन्या गाडीला सुमारे ४४७ लिटर आणि नव्या गाडीला सुमारे ४०३ लिटर पेट्रोल लागेल. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरले, तर वर्षाची बचत साधारण साडेचार हजार रुपये होते. समजा सूट वजा जाता दोन्हींच्या ऑन-रोड किमतीत १ लाख १० हजारांचे अंतर पडले, तर ते केवळ इंधनातून भरून यायला चोवीस वर्षे लागतील. नवे मॉडेल घेण्याची इतर कारणे असू शकतात आणि ती चांगलीही असू शकतात, पण मायलेज हे त्यांपैकी नव्हे.

तिसरी गोष्ट पुनर्विक्रीची, आणि इथे पारडे उलट झुकते. तीन-चार वर्षांत गाडी बदलायची सवय असेल, तर जुन्या आकाराची गाडी विकताना घेणारा "हे तर जुनं मॉडेल" म्हणून भाव पाडतो आणि आपली सूट तिथेच निघून जाते. गाडी आठ-दहा वर्षे वापरून मगच काढायची असेल, तर तोपर्यंत दोन्ही मॉडेले जुनीच झालेली असतात आणि हा फरक बराच पुसला जातो. म्हणून शोरूममध्ये जाण्यापूर्वी घरी एकच प्रश्न मिटवून घ्यावा, की ही गाडी आपण किती वर्षे ठेवणार. आमच्या घरी तो प्रश्न दसऱ्यानंतर निघाला.

विम्याची एक बाजू सहसा कोणी सांगत नाही. आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यासाठी धरलेली किंमत, कंपनीच्या चालू विक्री किमतीतून ठरलेला घसारा वजा करून काढली जाते. हा घसारा पहिल्या सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५ टक्के आणि वाढत वाढत पाचव्या वर्षाअखेर ५० टक्क्यांपर्यंत जातो. ज्या मॉडेलचे उत्पादन बंद झाले आहे, त्याची आयडीव्ही मात्र विमा कंपनी आणि गाडीमालक यांच्या सहमतीने ठरवायची असते. नूतनीकरणाच्या वेळी समोर आलेला आकडा कमी वाटला, तर तो मुकाट्याने मान्य करण्याचे बंधन आपल्यावर नाही. दोन-तीन कंपन्यांचे आकडे मागवावेत आणि बोलावे.

जीएसटीबाबतही एक गैरसमज कानावर येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून १,२०० सीसीपर्यंतच्या आणि ४ मीटरपर्यंत लांबीच्या पेट्रोल गाड्यांवर १८ टक्के कर लागू झाला. कर विक्रीच्या वेळच्या दराने लागतो, त्यामुळे गाडी त्याआधी बनली म्हणून तिला जुना, जास्त दर लावला असे कोणी सांगितले, तर ते ग्राह्य धरू नये.

उत्पादनाचा महिना न पाहणे

आमची चूक नेमकी इथे झाली. भावाची गाडी दसऱ्याला घरी आली, हार घातला, लिंबू ठेवले, पेढे वाटले. महिनाभरात बॅटरी बसली. ती वॉरंटीत बदलून मिळाली, म्हणून विषय तिथेच संपला असे वाटले. पुढच्या मे महिन्यात हिंगणा रोडवर पंक्चर काढायला थांबलो असता दुकानदाराने टायरच्या कडेवर बोट ठेवले आणि म्हणाला, "गाडी नवी हाये भाऊ, पन टायर काही नवा नाही." टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनंतरच्या कोडच्या शेवटी चार अंक असतात. पहिले दोन अंक वर्षातला आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. आमच्या टायरवर ०३२४ होते, म्हणजे २०२४ चा तिसरा आठवडा. घरी येऊन कागद काढले, तर गाडी फेब्रुवारीत बनलेली निघाली. एप्रिल, मे आणि जूनचे पहिले पंधरा दिवस ती कुठल्या तरी उघड्या यार्डात नागपूरच्या उन्हात उभी होती.

पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेल्या दिवसांत, फरशी तापलेल्या जागेवर महिनोन्महिने एकाच बिंदूवर भार पडलेला टायर, चार्ज न होणारी बॅटरी, कडक होणारे वायपर आणि दारांचे रबर यांची काय अवस्था होते हे नागपूरकरांना वेगळे सांगायला नको. यार्डात उंदीर वायर कुरतडतात तो भाग निराळाच. हीच गाडी पुढे समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाने, काँक्रीटवर, दुपारच्या वेळी धावणार असेल, तर टायरचे वय हा बारीकसारीक मुद्दा राहत नाही.

उत्पादनाचा महिना शोधणे अवघड नसते. चॅसिस नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात ही माहिती सांकेतिक रूपाने असते, पण प्रत्येक कंपनीचा संकेत वेगळा असल्यामुळे तो स्वतः उलगडत बसण्यापेक्षा फॉर्म २१, म्हणजे विक्री प्रमाणपत्र पाहावे. त्यात उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहिण्याचा स्वतंत्र रकाना असतो. पूर्ण पैसे भरण्यापूर्वी, आपल्याला मिळणाऱ्याच गाडीचा चॅसिस नंबर आणि उत्पादनाचा महिना लेखी मागावा, यार्डात जाऊन तो गाडीवर ताडून पाहावा, चारही टायर आणि स्टेपनीचे कोड वाचावेत, ओडोमीटरवरचे किलोमीटर पाहावेत, आणि बॅटरी बदलून देण्याची अट बुकिंगच्या कागदावरच लिहून घ्यावी. सही झाल्यानंतर शोरूमचा आवाज बदलतो.

"डिसेंबरात घ्या, नोंदणी जानेवारीत करू, गाडी नव्या वर्षाची होईल" हाही एक नेहमीचा सल्ला आहे. नोंदणीची तारीख पुढे गेली तरी आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, उत्पादनाचा महिना छापलेलाच असतो आणि गाडी विकत घेणारा तोच वाचतो. मागच्या वर्षी बनलेल्या गाडीसाठी जानेवारीपर्यंत थांबायचे असेल, तर त्या बदल्यात किमतीतच काही कमी करून घ्यावे.

सुरक्षेचे तारे नावावरून मोजणे

धडक चाचणीत तारे मिळतात ते ठरावीक रचनेच्या गाडीला आणि ठरावीक वर्षाच्या नियमांनुसार. जुन्या पिढीच्या अमेझला अशा चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१९ मध्ये प्रौढांच्या सुरक्षेसाठी चार तारे दिले होते. नियम कडक झाल्यानंतर २०२४ मध्ये त्याच पिढीच्या गाडीला दोन मिळाले. स्विफ्टच्या आधीच्या पिढीला २०२२ मध्ये एकच तारा मिळाला होता, तर नव्या स्विफ्टवरच बेतलेल्या, नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या नव्या डिझायरने प्रौढांच्या सुरक्षेत पाच तारे मिळवले. जाणाऱ्या मॉडेलच्या शेजारी उभे राहून कोणी नव्या मॉडेलचे तारे सांगत असेल, तर चाचणीचे वर्ष आणि पिढी विचारावी. घरात लहान मुले असतील आणि गाडी वारंवार हमरस्त्यावर जाणार असेल, तर या एका मुद्द्यावर मी लाखभर रुपये जास्त मोजायला तयार होईन. मायलेजसाठी होणार नाही.

सुट्या भागांची भीती आणि पहिल्या लॉटचा मोह

मॉडेल बंद होणे आणि कंपनीने देशातला व्यवसाय गुंडाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेवर्ले २०१७ च्या अखेरीस भारतीय बाजारातून गेली, फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले, आणि त्या आठवणीने लोक प्रत्येक बंद मॉडेलला घाबरतात. कंपनी चालू असेल, तर बरेचदा जुने इंजिन तिच्याच दुसऱ्या गाडीत जिवंत असते. स्विफ्टमधून गेलेले चार सिलिंडरचे इंजिन बलेनोत सुरूच राहिले. उलट नव्याने आलेल्या मॉडेलचा फेंडर किंवा हेडलाइट पहिल्या काही महिन्यांत अपघातानंतर लवकर मिळेलच असे नसते, आणि स्क्रीन अडकणे, सेन्सर उगाच वाजणे असल्या तक्रारीही पहिल्याच लॉटमध्ये जास्त निघतात. नवेच हवे असेल तर पाच-सहा महिने थांबावे.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या रस्त्यावरच करणे

रिकाम्या, गुळगुळीत दोन किलोमीटरवर दोन्ही गाड्या सारख्याच वाटतात. दोन्ही मॉडेले एकाच दिवशी, दुपारी, एसी पूर्ण लावून आणि मागे दोन माणसे बसवून चालवावीत. सीताबर्डीच्या सिग्नलवर थांबल्यावर स्टिअरिंगमध्ये आणि सीटखाली तीन सिलिंडरची थरथर किती जाणवते, मागच्या माणसापर्यंत थंड हवा पोहोचायला किती वेळ लागतो, आणि चढावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढते की नाही, हे तिथे कळते. छताच्या काचेचे, म्हणजे सनरूफचे, कौतुक मात्र मे महिन्यात ती उघडून पाहिल्यावरच करावे.

गाडी घेऊन झाली आणि आता दोष दिसतो आहे, तर

तोंडी तक्रार करून परत येऊ नये. सर्व्हिस सेंटरमधल्या जॉब कार्डवर दोष आपल्या शब्दांत लिहून घ्यावा आणि त्याची प्रत ठेवावी. टायरचे कोड आणि ओडोमीटर यांचे तारखेसह फोटो काढावेत आणि शोरूमबरोबरच कंपनीच्या ग्राहक विभागालाही ई-मेल करावा. टायर आणि बॅटरीची वॉरंटी बहुतेक वेळा त्या त्या उत्पादकाकडून असते, म्हणून तो दावा वेगळा करावा लागतो. उत्तर आले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यानंतरही काही झाले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते. कंपनीचे मुख्यालय गुरुग्राम किंवा चेन्नईला आहे म्हणून तिकडे जावे लागत नाही. मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडेच चालते, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते. उत्पादनाचा महिना लपवून गाडी विकली अशी तक्रार असेल, तर बुकिंगचा कागद, फॉर्म २१ आणि आरसी हे तीन कागद सोबत जोडावेत.