६.६ केव्ही ड्राइव्हच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्राच्या) पॅनलमध्ये हात घालण्यापूर्वी

आधी ब्रेकर ट्रिप करून रॅक-आउट करा, म्हणजे जागेवरून बाहेर ओढा, फीडरचा (वीज आणणाऱ्या लाइनचा) अर्थ स्विच लावून ती जमिनीशी जोडा आणि प्रत्येकाने आपापलं कुलूप व टॅग लावावा. पंख्यांचा ४१५ व्होल्ट आणि कंट्रोलचा यूपीएस सप्लाय वेगळा येतो, तोही बंद करा. नेमका हाच विसरला जातो.

आता थांबा. सप्लाय गेला तरी डीसी कपॅसिटरांत जीवघेणा चार्ज उरतो. पॅनलवरच्या पाटीवर लिहिलेली मिनिटं पूर्ण होऊ द्या. पॉवर सेलचा (हे कपॅसिटर असलेल्या मॉड्यूलचा) दिवा विझला म्हणजे चार्ज संपला, असं धरू नका, दिवाच बिघडलेला असू शकतो.

मग एचव्ही डिटेक्टर (उच्च व्होल्टेज आहे का हे दाखवणारं उपकरण) आधी दुसऱ्या, चालू असलेल्या सप्लायवर तपासा, नंतर तिन्ही फेजवर, शेवटी पुन्हा चालू सप्लायवर. डिटेक्टर गप्प राहिला, तर तोच बिघडलेला नाही ना, हे असंच कळतं. अर्थिंगचा क्लॅम्प आधी अर्थ बसबारला, नंतर फेजला, काढताना उलट. इनपुट आणि आउटपुट दोन्ही बाजू अर्थ करा, कारण पंपातलं पाणी उलटं आलं की मोटर फिरते आणि काही मोटरी तेव्हा व्होल्टेज देतात.

मेगर करताना, म्हणजे इन्सुलेशनची चाचणी घेताना, मोटरची केबल ड्राइव्हपासून सोडवलेली हवी, नाहीतर पॉवर सेल जातील. चाचणीनंतर केबल अर्थ करून डिस्चार्ज करायची, मगच हात लावायचा.