कॅसेट प्लेयरचा स्पीड मोजून कसा सेट करायचा

स्पीड बिघडलाय हे कळायला फार तयार कान लागत नाही, गाणं चढ्या पट्टीत आणि घाईघाईत वाजलं तर स्पीड जास्त, रेंगाळत आणि उतरून वाजलं तर कमी. पण तोच कान वापरून स्पीड सेट करायला गेलात तर फसाल, कारण थोडा वेळ ऐकलं की चुकीचीच पट्टी बरोबर वाटायला लागते. १% फरक बऱ्याच जणांना कळतसुद्धा नाही, साधारण ६% झाला की मात्र पूर्ण अर्धा स्वर सरकतो, म्हणजे काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये. म्हणून मोजा. कॅसेटचा ठरलेला स्पीड सेकंदाला १⅞ इंच, म्हणजे ४.७६ सेंमी.

आणि हो, लगेच मोटरचा प्रीसेट (स्पीड कमीजास्त करायचा बारीक स्क्रू) फिरवायला घेऊ नका. जुना बेल्ट सैल पडून घसरत असेल, कॅपस्टनवर (टेप पुढे सरकवणारा फिरता बारीक दांडा) टेपची तपकिरी पावडर बसली असेल, पिंच रोलर (टेप कॅपस्टनवर दाबून धरणारं रबरी चाक) कडक होऊन चकाकत असेल, तर प्रीसेट कितीही फिरवा, उद्या परत तेच. कॅपस्टन आणि हेड (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) कापसाच्या इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, रोलरपण पुसा आणि कोरडा होऊ द्या. पिंच रोलर टेपला नीट दाबत नसेल तर पुढची रीळच टेप ओढून घेते आणि गाणं एकदम पळत सुटतं, तो प्रीसेटचा प्रॉब्लेमच नाही. आवाज लाटेसारखा वरखाली होत असेल तर तेही प्रीसेटने जाणार नाही, बेल्ट, रोलर, फ्लायव्हील (कॅपस्टनचं जड चाक) इकडे बघा. बेल्ट नवीन टाकलात तर मात्र स्पीड पुन्हा मोजायलाच लागतो, कारण बेल्ट जरा जाड असला तरी मोटरच्या छोट्या पुलीवर त्याचा परिणाम जास्त होतो आणि स्पीड वाढतो.

सोपा मार्ग टेस्ट टेपचा. तिच्यावर ३००० किंवा ३१५० हर्ट्झचा एकच सूर असतो (कुठला ते लेबलवर बघून घ्या, या दोघांत गफलत केली तर थेट ५% चुकाल), प्लेयरचा लाइन आउट कॉम्प्युटरला जोडायचा किंवा फोनवर फ्रिक्वेन्सी दाखवणारं अॅप स्पीकरसमोर धरायचं. ३००० च्या टेपवर ३० हर्ट्झ म्हणजे १%. आकडा सतत थोडा नाचणारच, सरासरी बघा.

टेस्ट टेप नसेल तर लोक काय करतात, त्याच डेकवर (रेकॉर्डही करणारा प्लेयर) सूर रेकॉर्ड करतात आणि त्याच डेकवर वाजवून बघतात, आकडा बरोबर येतो आणि खूश होतात. अहो, डेक २% स्लो असेल तर रेकॉर्डिंगही तितकंच स्लो झालं, दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात, कळलं काहीच नाही. त्यापेक्षा टेपची लांबीच मोजा, मला तर ही पद्धत सगळ्यात भरवशाची वाटते.

एका फालतू कॅसेटवर पाच-सहा मिनिटं कुठलाही एक सलग सूर रेकॉर्ड करा, तो किती हर्ट्झचा आहे याने काही फरक पडत नाही. मग टेप हळूच बाहेर ओढून एका जागी कापा आणि मध्ये लीडर टेपचा (कॅसेटच्या टोकाला असते ती, आवाज रेकॉर्ड न होणारी पट्टी) छोटा तुकडा जोडा, आणि या तुकड्याच्या सुरुवातीपासून बरोबर ४७६.२५ सेंमीवर दुसऱ्या तुकड्याची सुरुवात येईल असा तोही जोडा. जोडायला स्प्लायसिंग टेपच घ्या, साध्या चिकटपट्टीचा गोंद पाझरून हेडला लागतो. मोजताना टेप सपाट ठेवा, ताणू नका. आता ही कॅसेट वाजवून फोनवर रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. सूर दोन ठिकाणी गायब झालेला दिसेल, एका गॅपच्या सुरुवातीपासून दुसऱ्याच्या सुरुवातीपर्यंत बरोबर १०० सेकंद यायला हवेत. ९९ आले तर साधारण १% फास्ट, १०२ आले तर २% स्लो. मोजण्यात अर्धा सेंटीमीटर चूक झाली तरी फरक फक्त ०.१% चा.

आता प्रीसेट. प्लेयर आधी पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा, गार मोटर आणि गरम मोटर यांचा स्पीड सारखा नसतो. बऱ्याच मोटरच्या मागच्या बाजूला एक छोटं भोक असतं, कधी रबरी बूच लावलेलं, त्याच्या आत प्रीसेट. काही डेकमध्ये तो सर्किट बोर्डवर असतो. प्लास्टिक किंवा सिरॅमिकचा बारीक स्क्रूड्रायव्हर वापरा, लोखंडी टोक आत कुठेतरी टेकून शॉर्ट होऊ शकतं, आणि मेनवर चालणाऱ्या डेकमध्ये पॉवर सप्लायच्या बाजूला हात अजिबात नको. सुरुवातीची जागा मार्करने खूण करून ठेवा आणि अगदी केसभर फिरवा, थांबा, आकडा बघा, परत केसभर. फार फिरवावं लागतंय असं दिसलं तर थांबा आणि परत बेल्टकडे जा. क्वार्ट्झ लॉकवाल्या डायरेक्ट ड्राइव्ह डेकला (बेल्टशिवाय मोटरच कॅपस्टन फिरवते आणि क्वार्ट्झ क्रिस्टल स्पीड धरून ठेवतं) सहसा हा प्रीसेट नसतोच, तिथे स्पीड चुकत असेल तर बिघाड दुसरीकडे शोधायचा. हाय स्पीड डबिंगवाल्या (एका कॅसेटवरून दुसरीवर जलद कॉपी करणाऱ्या) डबल डेकमध्ये नॉर्मल आणि हाय असे दोन वेगळे प्रीसेट असू शकतात, आधी कुठला लावायचा ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा.

३००० च्या टेपवर १५ हर्ट्झ इकडे तिकडे, म्हणजे अर्धा टक्का, इतकं जमलं की थांबलात तरी चालेल. फक्त टेपच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असं तिन्हीकडे तपासा, शेवटाकडे स्पीड बदलत असेल तर ती कॅसेटच जड फिरत असेल, दुसरी लावून बघा. सेलवर चालणारा पोर्टेबल असेल तर नवे सेल टाकूनच सेट करा.

लांबीच्या पद्धतीने डेक एकदा नीट लागला की त्याच्यावरच ३००० हर्ट्झचा सूर एका चांगल्या कॅसेटवर रेकॉर्ड करून ठेवा, पुढच्या प्लेयरसाठी तीच टेस्ट टेप. सी-१२० (१२० मिनिटांची कॅसेट) नको, तिची टेप फार पातळ असते.