असेंब्लीमध्ये स्ट्रिंगची कॉपी आणि जोडणी वेगवान कशी करावी

नाशिकच्या कुठल्याही पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर घेतलेल्या मुलाला विचारा, 8086 या जुन्या प्रोसेसरच्या असेंब्ली (प्रोसेसरच्या थेट आज्ञांची भाषा) प्रॅक्टिकलला दोन स्ट्रिंग (अक्षरांच्या ओळी) जोडायचा प्रोग्राम त्यानं लिहिलेला असतोच. स्ट्रिंगच्या शेवटी डॉलरचं चिन्ह ठेवायचं, एकेक बाइट उचलून दुसरीकडे टाकायचा, आउटपुट दाखवून फाइलवर सही घ्यायची. रविवारी माझ्याकडे इंदिरानगरला शिकायला येणारी मुलं हाच प्रोग्राम घेऊन येतात आणि विचारतात, "सर, हा अजून फास्ट कसा होईल?" त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितो आहे. डोसबॉक्स, म्हणजे जुने डॉस प्रोग्राम चालवायचं सॉफ्टवेअर, बाजूला ठेवा. आपण आजच्या 64 बिटच्या इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवर काम करणार आहोत. स्ट्रिंगचा शेवट डॉलरनं नाही, शून्य बाइटनं होईल. आज्ञांची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, असेंब्लरमध्ये (आज्ञांचा मशीन कोड करणारा प्रोग्राम) टाकताना ती नेहमीच्या रोमन अक्षरांत टाका.

सुरुवातीचा प्रोग्राम बहुधा असा असतो:

फेरी: लॉडएसबी
स्टॉसबी
टेस्ट एएल, एएल
जेएनझेड फेरी

आरएसआय, आरडीआय, एएल ही रजिस्टरं, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या साठवणीच्या जागा. आरएसआयमध्ये मूळ स्ट्रिंगचा पत्ता, आरडीआयमध्ये जिथं न्यायची तिथला पत्ता. लॉडएसबी एक बाइट एएलमध्ये उचलते, स्टॉसबी तो नव्या जागी ठेवते, टेस्ट तो शून्य आहे का पाहते, आणि नसेल तर जेएनझेड पुन्हा फेरीवर नेते. चार ओळी आहेत आणि बिनचूक चालतात. पण मुलं लगेच या चार ओळींनाच हात घालतात, ते थांबवा. वेळ खाणारी गोष्ट बहुतेक वेळा या फेरीच्या बाहेर असते.

पहिली पायरी: शेवट कुठं आहे ते लक्षात ठेवा

त्र्यंबकेश्वरच्या दर्शनाची रांग डोळ्यांसमोर आणा. नवा आलेला प्रत्येक माणूस मंदिराच्या दारापासून सुरू करून रांगेच्या कडेकडेनं शेपटापर्यंत चालत गेला, तर दर माणसागणिक चालणं वाढतच जाणार. जोडणीचा साधा रूटीन (ठरावीक काम करणारा कोडचा भाग) हेच करतो. प्रत्येक नवा तुकडा जोडताना तो पहिल्या बाइटपासून शून्य शोधत निघतो. दहा बाइटांचे 100 तुकडे जोडायचे असतील, तर कॉपी होतात फक्त 1,000 बाइट, पण नुसता शेवट शोधण्यासाठी 49,500 बाइट वाचले जातात.

उपाय सोपा आहे. कॉपीचा रूटीन परतताना आरएएक्समध्ये (एएल आणि ईएएक्स हे याच रजिस्टरचे छोटे भाग) सुरुवातीचा पत्ता देऊ नका, तो बोलावणाऱ्याकडे आधीपासून असतोच. नुकत्याच लिहिलेल्या शून्याचा पत्ता द्या. पुढचा तुकडा बरोबर तिथूनच सुरू होतो. वरच्या फेरीत आरडीआय शून्याच्या एक घर पुढं जाऊन थांबतो, म्हणून परतण्याआधी त्यातून एक वजा करायचा. सी भाषेत याच पद्धतीचं एसटीपीसीपीवाय हे फंक्शन आहे आणि 2008 च्या पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या मानकात ते आलं. एवढा एक बदल केला की पुढचं काही केलं नाही तरी मोठा फरक पडतो.

दुसरी पायरी: माहीत असलेली लांबी फुकट घालवू नका

प्रोग्राममध्येच लिहिलेल्या स्ट्रिंगची लांबी असेंब्लर स्वतः काढून देतो. नॅझम या असेंब्लरमध्ये डॉलरचा अर्थ 'आत्ताचा पत्ता' असा आहे. स्ट्रिंगच्या पुढच्याच ओळीत डॉलर वजा स्ट्रिंगचं लेबल लिहिलं की आकडा मिळाला. लांबी हातात असली की दर बाइटला 'हा शून्य आहे का' असं विचारत बसावं लागत नाही.

मग रेप मूव्हएसबी, म्हणजे सांगितले तेवढे बाइट एकाच आज्ञेत कॉपी करणारी आज्ञा, वापरायची का? मोठ्या कॉपीला जरूर वापरा. 2012 च्या आयव्ही ब्रिज प्रोसेसरपासून इंटेलनं ही आज्ञा चांगलीच सुधारली आहे. पण ती सुरू व्हायलाच वेळ लागतो, आणि जुन्या प्रोसेसरवर दहा-वीस बाइटांसाठी तो खर्च परवडत नाही. शून्य शोधणारी रेपएनई स्कॅसबी मात्र अजूनही संथच आहे, तिला रजा द्या.

तिसरी पायरी: फेरी साफ करा

हे झटपट उरकतं. इंटेलवर लॉडएसबी आणि स्टॉसबी आतमध्ये अनेक छोट्या कामांत फुटतात, त्याऐवजी साधी मूव्ह वापरा. वाचताना नुसत्या एएलमध्ये न घेता मूव्हझेडएक्सनं पूर्ण ईएएक्समध्ये घ्या, म्हणजे प्रोसेसरला आरएएक्सच्या जुन्या किमतीची वाट पाहावी लागत नाही. दोन पत्ते वेगवेगळे वाढवण्यापेक्षा एकच मोजणीचं रजिस्टर दोन्हीकडे वापरा. लूप नावाची आज्ञा पुस्तकात सुटसुटीत दिसते, पण इंटेलवर ती डेक (एक वजा करणारी आज्ञा) आणि जेएनझेडच्या जोडीपेक्षा हळू आहे. आणि कोड विंडोजसाठी असेल तर आरएसआय, आरडीआय वापरण्याआधी जपून ठेवा, परतताना जसेच्या तसे द्या. लिनक्सवर तीच दोन रजिस्टरं पॅरामीटर घेऊन येतात, त्यामुळे हे काम वाचतं.

चौथी पायरी: एका वेळी सोळा बाइट

खरी मजा इथं आहे. 'नाशिक' हा शब्द यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत किती बाइटांचा होतो? न, काना, श, वेलांटी, क अशी पाच चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे 15. शेवटचा शून्य धरून 16. आपलं गाव एसएसई2 या एकदम 16 बाइट हाताळणाऱ्या आज्ञासंचाच्या एका रजिस्टरमध्ये नेमकं बसतं! बाइट-बाइट केलं तर 16 फेऱ्या, आणि इथं एक वाचन, एक लेखन.

लांबी माहीत नसताना शून्य असा शोधायचा: एक्सएमएम0 हे असलंच 16 बाइटांचं रजिस्टर शून्य करून ठेवा. स्ट्रिंगचे 16 बाइट एक्सएमएम1 मध्ये वाचा आणि त्यांची एक प्रत एक्सएमएम2 मध्ये ठेवा. पीसीएमपीईक्यूबीनं ही प्रत एक्सएमएम0 शी ताडून पाहा. जिथं शून्य सापडेल त्या घरातले सगळे बिट 1 होतात. पीमूव्हएमएसकेबी प्रत्येक घराचा एकेक बिट उचलून ईएएक्समध्ये 16 बिटांचा आकडा करते. तो आकडा शून्य आला तर स्ट्रिंग अजून संपलेली नाही. एक्सएमएम1 लिहून टाका आणि पुढं चला. नसेल तर बीएसएफनं पहिला 1 कितव्या घरात आहे ते काढा. तिथंच शेवट.

यात एक धोका आहे. मेमरीची पानं 4,096 बाइटांची असतात. स्ट्रिंग पानाच्या अगदी टोकाला संपत असेल आणि पुढचं पान आपलं नसेल, तर जास्तीचे बाइट वाचताच प्रोग्राम कोसळतो. 16 नं भाग जाणाऱ्या पत्त्यावरून केलेलं 16 बाइटांचं वाचन मात्र पानाची हद्द कधीच ओलांडत नाही. म्हणून पहिल्या वाचनाआधी पत्त्याचे खालचे 12 बिट तपासा. ते 4,080 पर्यंत असतील तर बिनधास्त वाचा. त्याहून जास्त असतील तर 16 नं भाग जाणाऱ्या पत्त्यापर्यंत बाइट-बाइट जा. तिथून पुढं सगळी वाचनं अशा सरळ पत्त्यांवरूनच करा.

पाचवी पायरी: शेपटाला जपा

पानाची हद्द न ओलांडता जास्तीचं वाचलेलं चालतं, जास्तीचं लिहिलेलं कधीच चालत नाही. हे मी चूक करूनच शिकलो. पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाउसमध्ये द्राक्षांच्या खोक्यांवर लेबल छापायचा प्रोग्राम मी लिहिला होता. गावाच्या नावाला 24 बाइट, त्याला लागूनच वजन. चाचणीत नाशिक आणि निफाड ही दोनच नावं वापरली, दोन्ही शून्यासकट नेमकी 16 बाइटांची. सगळं व्यवस्थित. मग दिंडोरीचा माल आला. 'दिंडोरी' शून्यासकट 22 बाइटांचं. माझ्या रूटीननं 16 चे दोन घास घेतले, 32 बाइट लिहिले, आणि वरचे आठ बाइट वजनाच्या जागेवर गेले. गावांच्या तक्त्यात प्रत्येक नावापुढं शून्यं भरलेली होती, त्यामुळे लेबलवर '4.5 किलो' च्या जागी कोरं छापलं गेलं. शेतकऱ्याची खोकी तेवढा वेळ खोळंबली, याचं मला आजही वाईट वाटतं.

यावरचा उपाय म्हणजे शेवटचा घास मागं सरकवून घेणं. 'पंचवटी, नाशिक' घ्या: 18, स्वल्पविराम आणि जागा मिळून 2, मग 15, आणि एक शून्य. एकूण 36. पहिला घास 0 पासून, दुसरा 16 पासून, तिसरा 32 पासून न घेता 20 पासून. मधले 12 बाइट दोनदा लिहिले जातात, पण तेच ते असल्यामुळे काही बिघडत नाही. तीन वाचनं, तीन लेखनं, हद्दीबाहेर एकही बाइट नाही. 8 ते 15 बाइटांना हीच युक्ती आठ-आठच्या दोन घासांनी, 4 ते 7 ला चार-चारच्या दोन घासांनी.

जागा अपुरी असेल आणि नाव कापावंच लागलं, तर मराठीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. कापायच्या ठिकाणी येणाऱ्या बाइटचे वरचे दोन बिट 10 असतील तर तुम्ही अक्षराच्या मधोमध आहात. तसे नसतील तिथपर्यंत मागं या. नाहीतर छापताना शेवटी चौकोन उमटतो.

सहावी पायरी: चाचणी आणि मोजणी

लिनक्सवर एमएमॅपनं (मेमरी मागायचा कॉल) दोन पानं मागा, दुसरं एमप्रोटेक्टनं (पानाची परवानगी बदलायचा कॉल) बंद करा, आणि स्ट्रिंग पहिल्या पानाच्या शेवटच्या बाइटला संपेल अशी ठेवा. एक बाइट जरी पलीकडचा वाचला तरी लगेच कळेल. मग नेण्याची जागाही तशीच टोकाला ठेवून पाहा. वेळ आरडीटीएससी या प्रोसेसरचा वेळ-मोजणीचा आकडा वाचणाऱ्या आज्ञेनं मोजा, तिच्याआधी एलफेन्स (आधीच्या आज्ञा पुऱ्या होईपर्यंत थांबवणारी आज्ञा) टाका, हजार वेळा चालवून सगळ्यात लहान आकडा घ्या. लांबी 0 ते 100 आणि पत्त्याचा सरकाव 0 ते 15, अशा 1,616 जोड्या होतात. चाचणीला एक-दोन सोयीची नावं घेऊ नका, या सगळ्या जोड्या चालवा. तुमचा लॅपटॉप त्या क्षणात संपवतो.