घरी इलेक्ट्रिक माउंटनबोर्ड बनवताना: आधी ब्रेक, मग वेग

इलेक्ट्रिक माउंटनबोर्ड म्हणजे मातीत, खडकाळ वाटेवर चालवायचा, हवेच्या मोठ्या चाकांचा मोटरवाला स्केटबोर्ड. त्याला बहुधा वेगळा ब्रेक नसतोच. मोटरच ब्रेकचं काम करते आणि तिचा जोर बेल्टमधून चाकापर्यंत जातो. उतारावर बेल्टने दाते सोडले की ब्रेक गेला. तरी ज्याला विचारावं तो मोटर किती वॉटची आणि टॉप स्पीड किती, एवढंच सांगतो. हा क्रम उलटा करा. प्रत्येक भाग निवडताना आधी विचारा, याने मला थांबवता येईल का?

सांगाडा

डेक (उभं राहायची फळी), ट्रक (चाकं धरणारा, वळणारा आस), बाइंडिंग (पाय अडकवायचे पट्टे) आणि 8 इंची हवेचे टायर वेगवेगळे जमवत बसू नका. साधा, मोटर नसलेला पूर्ण माउंटनबोर्ड घ्या. मागच्या ट्रकच्या हँगरवर, म्हणजे आडव्या दांड्यावर, मोटर माउंट (मोटर धरणारी पकड) घट्ट बसायला पुरेशी सरळ जागा आहे, एवढं मात्र घेण्याआधीच तपासा.

मोटर आणि गुणोत्तर

6374 आकाराच्या (63 मिमी व्यास, 74 मिमी लांबी) दोन सेन्सरवाल्या मोटर लागतील. एकाच मोटरवर भागवा असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. सुट्या मातीत एक चाक जागच्या जागी फिरतं आणि ब्रेकही एकाच बाजूला लागतो. मोटर कुठल्या स्थितीत आहे हे कंट्रोलरला सांगणारे हॉल सेन्सर हवेतच, कारण गवतात जागेवरून निघताना सेन्सर नसलेली मोटर थरथरते, अडखळते.

केव्ही, म्हणजे दर व्होल्टमागे मोटरचे मिनिटाला होणारे फेरे, 140 च्या आसपास ठेवा. हिशोब असा: 12एस (एकामागोमाग जोडलेल्या 12 सेलच्या) बॅटरीचे सरासरी 44 व्होल्ट धरले तर 140 × 44 म्हणजे मिनिटाला 6160 फेरे. चाकाची पुली 72 दात्यांची आणि मोटरची 16 दात्यांची, म्हणजे गुणोत्तर 4.5. चाकाचे फेरे झाले सुमारे 1370. 200 मिमी व्यासाच्या टायरचा परीघ 0.628 मीटर, म्हणजे बिनभाराचा वेग ताशी साधारण 52 किमी. जमिनीवर त्यातला 80 ते 85 टक्के मिळतो. खडकाळ वाटेवर तोही जास्तच आहे.

माउंट, पुली आणि बेल्ट

बोर्ड बिघडतो तो इथे, आणि म्हणून सगळा वेळ इथेच घालवायचा.

जोर वाढवण्यासाठी मोटरवर 14 दात्यांची पुली लावा, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. एचटीडी 5एम (दात्यांत 5 मिमी अंतर असलेला) बेल्ट, दोन्ही पुलींच्या केंद्रांत 100 मिमी अंतर आणि चाकावर 72 दाते धरले, तर 14 च्या पुलीवर एका वेळी जेमतेम 5 दाते पकडीत असतात. 16 च्या पुलीवर साडेपाच. बेल्टची पूर्ण ताकद वापरायला किमान 6 दाते गुंतलेले हवेत. म्हणजे 16 सुद्धा काठावरच आहे, 14 तर धोक्याचीच. जोर हवा असेल तर कमी केव्हीची मोटर घ्या, पुली लहान करू नका. बेल्टची रुंदी 15 मिमी ठेवा. 9 मिमीचा बेल्ट रस्त्यावरच्या बोर्डला ठीक, मातीत नाही.

या मापांना 440 मिमी लांबीचा, म्हणजे 88 दात्यांचा बेल्ट बरोबर बसतो. आयडलर बेअरिंग (बेल्टला दाबून ठेवणारं मोकळं फिरणारं बेअरिंग) लावणार असाल तर 450 चा घ्या. आयडलर जरूर लावा. बाहेरून बेल्टला आत दाबला की मोटरच्या पुलीवरची पकड साडेपाचवरून सातच्या आसपास नेता येते. मात्र आयडलर बोल्टने पक्का कसलेला हवा, स्प्रिंगवर झुलणारा नको. कारण असं: जोर देताना बेल्टची एक बाजू ताणलेली असते आणि दुसरी सैल. ब्रेक लावला की या बाजूंची अदलाबदल होते. स्प्रिंगवरचा आयडलर सैल बाजू छान सांभाळतो, पण ब्रेक लागताच तीच बाजू ताणते, स्प्रिंग मागे सरते, सगळी ढिलाई पलीकडे जाते आणि बेल्ट पुलीवरून उड्या मारतो. चढावर निर्दोष चालणारा बोर्ड उतारावर दगा देतो तो बहुतेक वेळा यामुळेच.

आता सरळपणा. चाकाची पुली हबला बोल्टने कसा, चाक फिरवा आणि पुलीच्या कडेजवळ एक पेन स्थिर धरून पाहा. कड आणि पेनमधली फट कमीजास्त होत असेल तर पुली केंद्रात नाही. बोल्ट सैल करून, पुली सरकवून पुन्हा कसा. अर्धा मिमीपेक्षा जास्त डगमग चालवून घेऊ नका. केंद्रात नसलेल्या पुलीवर बेल्ट प्रत्येक फेऱ्यात एकदा ताणतो, एकदा सैलावतो. मग तुम्ही कितीही कसलं तरी एका जागी तो सैलच राहणार.

मग स्टीलची पट्टी दोन्ही पुलींच्या बाजूंना टेकवा. ती दोन्हीकडे पूर्ण टेकली पाहिजे. चाक हाताने पुढे वीस फेरे, मागे वीस फेरे फिरवा. बेल्ट एका कडेला सरकून घासू लागला तर माउंट हँगरवर किंचित तिरका बसला आहे. तो सैल करून पुन्हा लावा. मधे वॉशर घालून तिरकेपणा झाकू नका, पहिल्या जोराच्या ब्रेकला तो पुन्हा उघडा पडतो.

ताण किती? चाक थोडं थोडं फिरवत चार ठिकाणी तपासा आणि सगळ्यात घट्ट जागी ताण ठरवा. दोन पुलींच्या मधोमध बोटाने जरा जोर देऊन दाबल्यावर बेल्ट 3 मिमीच्या आसपास दबावा. त्याहून घट्ट केला तर मोटरचं बेअरिंग तापतं आणि रेंज घटते. सैल ठेवला तर दाते सुटतात.

माउंटवरचा जोर प्रत्येक ब्रेकला दिशा बदलतो, म्हणून बोल्ट हळूहळू सुटतात. माउंट हँगरला आवळून धरणारा, क्लँपचा असावा. नुसत्या ग्रब स्क्रूवर (बिनडोक्याच्या छोट्या स्क्रूवर) उभा केलेला माउंट फिरतोच. मोटर पुलीला शाफ्टवर चावी हवीच. प्रत्येक बोल्टला निळा, मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर (बोल्ट सुटू न देणारा चिकट द्रव) लावा. आधी धागे स्पिरिटने पुसा, तेलकट धाग्यांवर तो धरत नाही.

शेवटी ट्रक दोन्ही बाजूंना पूर्ण कलवून पाहा. मोटर डेकला लागत असेल तर आत्ताच माउंटचा कोन बदला.

बॅटरी

स्पॉट वेल्डिंगचा हात बसलेला नसेल तर 12एस4पी पॅक (4 समांतर सेलचा एक गट, असे 12 गट) जाणकाराकडून बनवून घ्या. स्वतः बनवत असाल तर सेलवर थेट सोल्डरचा डाग देऊ नका आणि प्रत्येक सेलच्या धन टोकावर इन्सुलेटिंग कागदाची चकती लावा. डेक वाकतो, त्यामुळे समांतर गटांना जोडायला ताठ निकेलऐवजी लवचिक सिलिकॉन वायर वापरा आणि पॅक कडक पेटीत, फोममध्ये बसवा. चालू-बंद करायला एक्सटी90-एस कनेक्टरचा लूप पुरतो, त्याने ठिणगी उडत नाही.

बीएमएस, म्हणजे बॅटरीचं रक्षण करणारं सर्किट, फक्त चार्जिंगसाठी ठेवा. चालताना तो मधे असेल आणि त्याने पुरवठा तोडला, तर ब्रेकही त्याच क्षणी जातो. कमी व्होल्टेजची मर्यादा कंट्रोलरमध्ये घाला: 40.8 व्होल्टला जोर कमी व्हायला लागावा, 37.2 ला बंद.

कंट्रोलरच्या सेटिंग

मोटर चालवणारे, व्हेस्क प्रकारचे (सेटिंग बदलता येणारे) दोन कंट्रोलर, कॅन या संदेशवाहक तारांनी एकमेकांना जोडलेले. चाकं हवेत ठेवून मोटर डिटेक्शन (कंट्रोलरने मोटर ओळखायची चाचणी) चालवा. मोटर करंट प्रत्येकी 60 अँपिअर, ब्रेकला उणे 50, बॅटरी करंट प्रत्येकी 30. बॅटरीच्या मर्यादा प्रत्येक कंट्रोलरला स्वतंत्र असतात हे विसरू नका. ब्रेक लावताना बॅटरीत परत जाणारा करंट असा ठरवा: सेलच्या डेटाशीटमधला कमाल चार्जिंग करंट, गुणिले 4, भागिले 2. वेगात असताना ब्रेकची ताकद हाच आकडा ठरवतो. मोटर ब्रेकचा आकडा कमी वेगात लागू होतो. वेगात ब्रेक मवाळ वाटला म्हणून दुसराच आकडा वाढवत बसू नका.

डोंगरमाथ्यावरून निघायचं असेल तर बॅटरी पूर्ण 50.4 व्होल्टपर्यंत भरू नका, 49 च्या आसपास थांबा. भरलेल्या पॅकमध्ये ब्रेकची वीज मावत नाही आणि कंट्रोलर ब्रेक सैल सोडतो.

पहिली चाचणी

चाकं हवेत असताना रिमोट बंद करा. मोटरचा जोर लगेच सुटला पाहिजे. मग पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड घालून सपाट मातीवर, चालण्याच्या वेगात, पूर्ण ब्रेक दाबा. टक् असा एकही आवाज आला तर परत बेल्टकडे वळा. पाचसहा वेळा आवाज आला नाही की वेग थोडा वाढवून तेच करा, मग हलक्या उतारावर.

पहिल्या 10 किलोमीटरनंतर माउंटचे बोल्ट आणि बेल्टचा ताण पुन्हा तपासा. बेल्ट आणि पुलीमध्ये खडा अडकला तर एका झटक्यात दाते सोलले जातात, म्हणून बेल्टवर गार्ड लावा आणि एक जादा बेल्ट व ॲलन की सोबत ठेवा. उतारावर एक बेल्ट तुटला तर ब्रेक निम्माच उरतो. अशा वेळी जपून थांबा, बोर्डवरून उतरा आणि बेल्ट बदलल्याशिवाय पुन्हा चढू नका.