मंद लिंकवर ट्रॅफिकला प्राधान्य देताय? या चुका टाळा

शाखेतला रिमोट डेस्कटॉप अडकायला लागला, की पहिला सल्ला येतो, ‘लाइन स्लो आहे, प्लॅन वाढवा.’ पैसे भरण्याआधी एवढं करा: मोठी फाइल अपलोडला लावा आणि तेव्हाच पिंग (पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, जाऊन परत यायचा वेळ) बघा. एरवी ४० मिलिसेकंदांवर असलेला आकडा हजाराकडे धावला, तर दुखणं वेगाचं नाही, बाहेर जायला थांबलेल्या पॅकेटच्या रांगेचं आहे.

सगळ्यात मोठी चूक मीही केली आहे. राउटरवर एसएसएच (दूरच्या मशीनवर कमांड चालवायची सोय), रिमोट डेस्कटॉप, व्हॉइस यांना पहिला नंबर दिला, नियम चार वेळा तपासले, फरक शून्य. राउटर ते मोडेम तार १०० एमबीपीएसची, पुढची लिंक २ ची. राउटरमध्ये पॅकेट थांबतच नव्हती. ती मोडेमच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, तुंबत होती, आणि मोडेमला माझ्या नियमांचा पत्ताच नव्हता. रांगच नाही तिथे पुढे कुणाला घेणार? म्हणून राउटरवर अपलोडची मर्यादा लिंकच्या वेगाच्या ८५-९० टक्के ठेवा. वेग म्हणजे स्वतः मोजलेला, बिलावर छापलेला नव्हे. हातातला वेग सोडणं जिवावर येतं खरं, पण त्याशिवाय रांग तुमच्याकडे येत नाही. एडीएसएलवर (टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट) आणखी थोडं खाली या: तिथे ५३ बाइटच्या सेलमध्ये माल ४८ बाइटच मावतो.

पोर्ट (ट्रॅफिक कुठल्या सेवेचं ते सांगणारा क्रमांक) बघून वर्गवारी करणं ही दुसरी फसगत. एसएसएचचा पोर्ट २२, पण फाइल पाठवणारं एससीपीसुद्धा २२ वरूनच जातं, त्यामुळे पोर्ट २२ पुढे काढला की बॅकअपही ऐटीत पुढे निघतो. ओपनएसएसएच (एसएसएचचं प्रचलित सॉफ्टवेअर) पॅकेटवर प्राधान्याची खूण आपणहून लावतं: ७.८ पासून १०.० पर्यंत टर्मिनलच्या सेशनला एएफ२१ आणि बाकीच्यांना सीएस१, तर १०.१ पासून टर्मिनलला ईएफ आणि बाकीच्यांना वेगळी खूण नाही. ती वापरा. मात्र वायरगार्ड हा व्हीपीएन (ट्रॅफिक कुलूपबंद टनेलमधून नेणारा) आतली खूण बाहेरच्या पॅकेटवर उतरवत नाही. तिथे वर्गवारी आणि मर्यादा दोन्ही टनेलच्या इंटरफेसवरच लावा, टनेलबाहेरच्या ट्रॅफिकसाठी जागा राखून.

अपलोड भरला की डाउनलोडही का रखडतो? पोच देणारी छोटी एसीके पॅकेट त्याच रांगेत अडकतात. त्यांना पुढे सोडा.

व्हॉइसला बिनशर्त अग्रक्रम देऊ नका, बाकीचे उपाशी मरतील. जी.७११ (आवाज पाठवायची एक पद्धत) चा एक कॉल आयपी पातळीवर एका दिशेने ८० केबीपीएस खातो. चार कॉल गृहीत धरून ३२० ची मर्यादा घाला.

आणि १२८ केबीपीएससारख्या लिंकवर चमत्काराची अपेक्षा नको. तारेवर चढलेलं १५०० बाइटचं पॅकेट मध्येच थांबवता येत नाही, ते जवळपास ९४ मिलिसेकंद घेतं. तिथे एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) कमी करून बघा. २ एमबीपीएसवर हाच वेळ ६ मिलिसेकंद, तेव्हा त्या भानगडीत पडू नका.

खरं सांगायचं तर हाताने नियम लिहायची हौस आता मला उरलेली नाही. लिनक्स ४.१९ पासून कर्नलमध्येच ‘केक’ ही रांग आपोआप सांभाळणारी सोय आहे. मर्यादेचा आकडा नीट दिला, की भरलेल्या अपलोडवर पुन्हा पिंग लावून बघा. बहुतेकदा वेगळे नियम लिहायची वेळच येत नाही.