प्रायव्हेट प्रेस हेवी मेटल रेकॉर्डी जमवायच्या तर, खास नागपूरवाल्यांसाठी

कोणत्याच लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, घेतलं नाही म्हणून बँडने स्वतःच्या खिशातून छापून घेतलेली, गिगला, म्हणजे लाइव्ह कार्यक्रमात, आणि गावातल्या दुकानात विकलेली रेकॉर्ड म्हणजे प्रायव्हेट प्रेस. डायमंड हेडचा १९८० चा पहिला अल्बम बघा, साधं पांढरं कव्हर, त्यावर ना नाव ना गाण्यांची यादी, फक्त बँडमधल्या एकाची सही, आणि कॉप्या हजारच. सिरिथ अंगोलचा १९८१ चा 'फ्रॉस्ट अँड फायर' आणि मॅनिला रोडचा १९८३ चा 'क्रिस्टल लॉजिक' पण त्यांनी स्वतःच काढले होते.

म्हणून डिस्कॉग्सवर, म्हणजे रेकॉर्डींच्या नोंदी आणि खरेदी-विक्रीच्या वेबसाइटवर, शोधताना बँडसोबत गाव पण बघा. मॅनिला रोड कॅन्ससमधल्या विचिटाचे, डायमंड हेड इंग्लंडमधल्या स्टोरब्रिजचे. कॉप्या बँडनेच विकल्या, त्यामुळे बऱ्याच तिकडच्याच घरांत पडून असतात, तिथल्या छोट्या विक्रेत्यांना सरळ मेसेज टाका, सज्जनपणे विचारलं की लोक बोलतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पैसे पाठवायच्या आधी रेकॉर्डच्या मधल्या कागदी लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्टीचा फोटो मागा. डेड वॅक्स म्हणतात तिला. तिथे कोरलेला मॅट्रिक्स नंबर, म्हणजे कोणता छाप आहे ते ओळखायचा नंबर, असतो, कधी हाताने खरडलेला, तो डिस्कॉग्सच्या नोंदीशी अक्षर अक्षर जुळवून पाहा. आयर्न मेडनच्या 'साउंडहाउस टेप्स'च्या १९७९ मध्ये ५००० कॉप्या निघाल्या आणि नकली कितीतरी फिरून राहिल्यात, कव्हर हुबेहूब छापता येतं म्हणून नुसत्या कव्हरवर भाळू नका. विक्रेता फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल तर सोडून द्या भाऊ, कितीही मन झालं तरी. आणि हो, पोस्टेज अन् कस्टम ड्युटी धरूनच बजेट ठरवा.

मागवायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास, पार्सल दिवसभर बंद गाडीत राहिलं की रेकॉर्ड वाकलीच समजा. घरी उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका, स्लॅबखालच्या माळ्यावर तर अजिबात नको. कूलरच्या खोलीतही नको, वाळ्याच्या ताट्यांची ओल कव्हरला लागते आणि मग बुरशी, ती कागदात शिरली की निघत नाही.

आपल्या देशातलं पण जमवा ना. इथे विनाइल, म्हणजे रेकॉर्डी, फारशा नाहीत, जास्त करून कॅसेट आणि सीडी. बंगळुरूचे क्रिप्टोस, मुंबईचे डेमॉनिक रिझरेक्शन यांच्या सुरुवातीच्या सीडी शोधा. नागपुरात इंजिनिअरिंग कॉलेजच्या फेस्टमध्ये वाजवणाऱ्या पोरांनी घरी बर्न केलेल्या डेमो सीडी मला तर विदेशी रेकॉर्डीइतक्याच मोलाच्या वाटतात, कारण त्या कोणीच जपत नाही. ओळखीच्या सीनियरला विचारा, जुन्या होस्टेलच्या बॅगा उघडायला लावा. बर्न केलेली डिस्क काही वर्षांत वाचेनाशी होऊ शकते, म्हणून हातात आली की त्याच दिवशी फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजाची प्रत न घसरवणाऱ्या फाइलमध्ये, रिप करा, कव्हर स्कॅन करा आणि कोणी काय वाजवलं ते बँडवाल्यांनाच विचारून लिहून ठेवा.